विषाचा मुलूख

जालन्यात कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुन्या शहरात मस्तगड आहे. निजाम-उल-मुल्क आसफजहाच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ साली तो बांधला. पुढे त्यात नगरपालिकेचं कार्यालय आलं, भोवती वस्ती दाटली आणि आज मस्तगड म्हटलं की जालनेकरांना गडापेक्षा त्याच्या आसपासचा गजबजलेला भागच आठवतो. जुन्या गढ्या, दगड-चुन्याच्या भिंती, पडक्या वाड्यांचे ढिगारे मराठवाड्यात गावोगाव आहेत. अशा भिंतींच्या फटी विंचवाला मानवतात. म्हणून इथल्या पोरांना पायताण झटकूनच घालायची आणि गोवऱ्यांचा ढीग आधी काठीने हलवायची सवय लहानपणीच लावतात. रात्री-अपरात्री विंचू चावला की कुणीतरी ‘उतरवणारा’ शोधायचा, ही रीतही जुनीच.

याच जालना जिल्ह्यात, उत्तरेला भोकरदन तालुक्यात, देहेड नावाचं गाव आहे. तिथल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात १९५१ साली हिंमतराव साळुबा बावस्कर जन्मले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाच्या दंशावर अनेक देशांतले डॉक्टर आज जी गोळी वापरतात, त्या उपचाराचा शोध या आरोग्य केंद्रातल्या खाटांवरून सुरू झाला. मोठी प्रयोगशाळा नाही, संशोधनाचं अनुदान नाही, हाताखाली सहायक नाहीत. रुग्ण, रक्तदाब मोजायचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि वही, एवढ्यावर हे काम उभं राहिलं.

कोकणातला लाल विंचू दिसायला किरकोळ असतो. काळी, दांडगी इंगळी पाहून माणूस दचकतो, पण जीव घेतो तो हा बारका लाल विंचू. जांभ्या दगडाखाली, कौलांमध्ये, भाताच्या पेंढ्यात तो दडून असतो. दंश झालेला माणूस आरोग्य केंद्रात यायचा तेव्हा त्याला ओकाऱ्या होत असायच्या, अंग घामाने निथळत असायचं, तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. थोड्या वेळाने हातपाय बर्फासारखे थंड पडायचे. नातेवाइकांना वाटायचं, विष उतरतंय. मग काही तासांनी दम लागायचा, खोकल्यातून गुलाबी फेस यायचा, आणि रात्र उलटायच्या आत धडधाकट तरुण किंवा शाळकरी पोर डॉक्टरच्या डोळ्यांदेखत जायचं. त्या काळी महाडच्या भागात गंभीर दंश झालेल्या शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. त्यांच्या फुप्फुसात पाणी साचतं, हे डॉ. पी. एम. मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहून ठेवलं होतं. पण ते का साचतं आणि कसं थांबवायचं, याचं उत्तर पाठ्यपुस्तकांत नव्हतं.

बावस्करांनी केलेलं काम सांगायला सोपं आणि करायला फार जिकिरीचं होतं. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. दंश किती वाजता झाला, पहिली ओकारी कधी, घाम कधी, नाडी किती, रक्तदाब किती, हात कधी गार पडले, हे सगळं तासातासाला टिपत गेले. एकामागून एक रुग्ण असे नोंदवल्यावर त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. ज्याला दंशाच्या जागी असह्य वेदना होतात आणि जो ओरडून घर डोक्यावर घेतो, तो बहुतेक वाचतो. ज्याला वेदना कमी पण घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेले हातपाय जास्त, त्याचा जीव धोक्यात असतो. मांत्रिकाचा मंत्र इतकी वर्षं ‘लागू’ का पडत होता, याचाही उलगडा यातून होतो. बहुतेक दंश वेदनेपलीकडे जातच नाहीत, त्यामुळे उतरवणाऱ्याला श्रेय आयतं मिळतं. उरलेले थोडे मरतात, आणि ते मरण नशिबाच्या खात्यावर जातं.

असा क्रम का दिसतो, हे विष शरीरात नेमकं काय करतं यावरून कळतं. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या पेशीपटलांमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. स्वायत्त मज्जासंस्था बेफाम होते. आधी लाळ, घाम, ओकारी; मागोमाग अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर झेपणार नाही इतका भार येतो आणि शेवटी फुप्फुसं पाण्याने भरतात. बावस्करांचं लक्षणांच्या क्रमाचं निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लंडनहून निघणाऱ्या त्या साप्ताहिकात कोकणातल्या एका ग्रामीण डॉक्टरचा लेख येणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.डी. केलं. शहरी वाटा मोकळ्या असताना ते पुन्हा रायगडातच परतले, आणि हा निर्णय त्यांच्या संशोधनाइतकाच महत्त्वाचा मानायला हवा. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे माणूस मरत असेल तर त्या सैल करणारं औषध द्यावं, हा तर्क आता समोर होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध त्यांनी वापरून पाहिलं. ते काम करत होतं, पण त्याला सतत पहारा लागतो, थेंब-थेंब मोजावा लागतो. ज्या केंद्रात रात्री एकच परिचारिका असते तिथे ते चालवणं कठीण. मग त्यांची नजर गेली प्राझोसिनकडे. ही उच्च रक्तदाबावरची, सत्तरच्या दशकात बाजारात आलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. विंचवाचं विष रक्तवाहिन्यांवरच्या ज्या अल्फा ग्राहींना चेतवतं, नेमके तेच ग्राही ही गोळी बंद करते.

१९८६ साली बावस्करांनी प्राझोसिनचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला तीस मायक्रोग्रॅम, गरजेप्रमाणे काही तासांनी पुन्हा, आणि गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उठवून बसवायचं नाही, कारण रक्तदाब झपकन खाली येऊ शकतो. उपचार एवढाच. तो सुरू झाल्यावर मृत्यूचं प्रमाण शंभरात चारच्या आत आलं, आणि जिथे रुग्ण वेळेवर पोचत गेले तिथे त्याहूनही खाली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. पुढच्या बहुतेक शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत. दोघांनी महाडमध्ये रुग्णालय चालवलं आणि आरोग्य केंद्रांतल्या तरुण डॉक्टरांना हा उपचार शिकवत राहिले. देहेड ते महाड या प्रवासाची आणि त्याआधीच्या दारिद्र्याची हकिकत बावस्करांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मकथनात आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

शास्त्राच्या कसोटीवर एक आक्षेप मात्र रास्त होता. आधीचे मृत्यू आणि नंतरचे मृत्यू यांची तुलना म्हणजे काटेकोर चाचणी नव्हे; मधल्या काळात रस्ते सुधारतात, लोक लवकर येऊ लागतात. पण समोर माणूस मरत असताना निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना काहीच नाही, असा प्रयोग कोणता डॉक्टर करील? या प्रश्नाचं उत्तर बावस्कर दांपत्याने पुढे वेगळ्या वाटेने दिलं. त्याकडे जायच्या आधी प्रतिविषाची गोष्ट सांगायला हवी. कारण प्राझोसिन विष नष्ट करत नाही, विषाने उठवलेलं वादळ थोपवतं. विषच निकामी करायचं तर प्रतिविष लागतं, आणि त्याचा इतिहास सुरू होतो तो व्हिएतनाममध्ये.

१८९१ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या सायगॉनमध्ये आल्बेर काल्मेत हा तिशीही न गाठलेला डॉक्टर पाश्चर संस्थेची शाखा उभारत होता. क्षयाच्या बी.सी.जी. लशीतला ‘सी’ तो हाच. मेकाँग नदीच्या मुखाजवळ बाक लिएउ भागात पुराचं पाणी चढलं आणि नाग घराघरांत शिरले. काल्मेतच्या वृत्तान्तानुसार चाळीसेक जणांना दंश झाला आणि चौघे दगावले. तिथल्या एका माणसाने पकडलेले नाग पिंपात घालून सायगॉनला पाठवण्यात आले. त्यांच्या विषावर काल्मेतने काम सुरू केलं. पुढे फ्रान्समध्ये लील शहरात त्याने घोड्यांना विषाच्या अगदी लहान मात्रा चढत्या क्रमाने टोचल्या, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढली आणि १८९५च्या सुमारास नागाच्या विषावरचा सीरम माणसांसाठी तयार झाला. आजही जगभर प्रतिविष मुळात याच पद्धतीने बनतं.

काल्मेतचा सीरम बाटल्यांतून हिंदुस्थानात आला, आणि इथे त्याची पंचाईत झाली. काल्मेतचा समज होता की एक सीरम सगळ्या सापांवर चालेल. मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, कॅप्टन जॉर्ज लॅम्ब या भारतीय वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्याने १९०३च्या सुमारास तो तपासला. नागावर तो काही प्रमाणात चालत होता. घोणशीसारख्या सापावर जवळपास निरुपयोगी. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील या संशोधकालाही स्वतंत्रपणे हेच आढळलं होतं. ज्या सापाचं विष, त्याच सापाचं प्रतिविष लागतं. व्हिएतनामच्या दलदलीत सुरू झालेल्या संशोधनाची ही दुरुस्ती मुंबईत झाली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे.

त्या परळच्या प्रयोगशाळेचंही व्हिएतनामशी नातं आहे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणारा अलेक्सांद्र यर्सां नंतर न्हा ट्रांग या मासेमारीच्या गावी स्थायिक झाला आणि तिथे घोडे पाळून प्लेगविरोधी सीरम बनवू लागला. १८९७च्या मार्चमध्ये तो हा सीरम घेऊन मुंबईत आला. परळची संस्था आज ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिनने जानेवारीतच आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती. यर्सांच्या सीरमने मुंबईत निराशा केली आणि तो परत गेला. त्याच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँने पुढच्याच वर्षी, जून १८९८मध्ये, कराचीत उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवून दिलं. नंतर तोही सायगॉनच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख झाला. आगबोटींच्या त्या काळात मुंबई आणि व्हिएतनाम यांच्यात अशी तीच माणसं ये-जा करत होती.

यर्सां न्हा ट्रांगमध्येच १९४३ साली वारला. त्याच्या सुओई झाऊच्या शेतावर आजही घोडे आहेत आणि तिथल्या सरकारी लस संस्थेत नागाच्या आणि हिरव्या घोणशीच्या विषावरची प्रतिविषं बनतात. तुटपुंज्या साधनांत, रोग आहे तिथेच राहून संशोधन करायची परंपरा व्हिएतनामी शास्त्रज्ञांनी पुढे स्वतः चालवली. डांग व्हान न्गू यांनी फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात जंगलातल्या छावणीत पेनिसिलिनचा द्राव तयार करून जखमी सैनिकांना पुरवला. स्वातंत्र्यानंतर त्यांनी हानोईत मलेरियाची संस्था उभारली आणि १९६७ साली, आघाडीजवळच्या जंगलात मलेरियावर काम करत असताना, अमेरिकी बॉम्बहल्ल्यात ते मारले गेले. त्याच वर्षी मलेरियाने हैराण झालेल्या उत्तर व्हिएतनामच्या विनंतीवरून चीनने गुप्त प्रकल्प हाती घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रात मलेरियाच्या रुग्णाला दिली जाणारी आजची गोळी त्याच औषधाच्या वंशातली आहे.

आता पुन्हा महाड. हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष तयार होऊ लागलं होतं, आणि प्रश्न असा होता की प्राझोसिन असताना ते लागतं का. इथे चाचणी नैतिक होती, कारण दोन्ही गटांना प्राझोसिन मिळणारच होतं. सत्तर रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. पस्तीस जणांना फक्त गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८ निघाले, दुसऱ्या गटात ३२. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. महाडसारख्या गावात, रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णांवर अशी काटेकोर चाचणी पुरी करणं हे वैद्यकीय संशोधनातलं मोठं धैर्य आहे, आणि मोठ्या शहरांतल्या किती सुसज्ज संस्थांनी या विषयाला हातही लावला नाही याची आठवण त्यातून होते.

सापांच्या बाबतीत मात्र मराठवाडा अजून मागे आहे. खरीप सुरू झाला की कापूस आणि सोयाबीनच्या शेतांत दंश वाढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आहेत. मण्यार सगळ्यांत फसवी: जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, जागा सुजत नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, आणि घरच्यांना अजीर्ण वाटत असतं. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातही मण्यारीच्याच कुळातले साप झोपलेल्या माणसांना असेच चावतात. पण तिथली मण्यार वेगळी, इथली वेगळी. एकीकडचं प्रतिविष दुसरीकडे भरवशाचं नाही.

भारतातली अडचण याच मुद्द्यावर येऊन थांबते. चारही सापांवरचं एकत्रित प्रतिविष आपल्याकडे बनतं, आणि त्यासाठी लागणारं विष गेली कित्येक वर्षं मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने परंपरेने साप पकडणाऱ्या आदिवासींना कायदेशीर रोजगार दिला, हे तिचं मोठं काम. पण तमिळनाडूच्या नागाचं विष आणि राजस्थानच्या नागाचं विष सारखं नसतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने देशाच्या वेगवेगळ्या भागांतली विषं तपासली, तेव्हा बाजारातली प्रतिविषं काही प्रदेशांतल्या सापांवर फारच कमजोर ठरली. लॅम्बने परळमध्ये काल्मेतबद्दल जे म्हटलं होतं, तेच शतकभराने आपल्याच बाटलीबद्दल म्हणायची वेळ आली. फरक इतकाच की तेव्हा दोन जातींमधला भेद दिसला होता, आता एकाच जातीतला दिसतो आहे.

जालन्याच्या शेतात झालेल्या घोणशीच्या दंशावर प्रतिविषाच्या दहा बाटल्या का लागतात, कधी त्याहून जास्त का, याचा एक धागा इथे असू शकतो. बाटलीवर लिहिलेलं असतं की एक मिलिलिटर औषध नागाचं किंवा घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचं किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. हे मोजमाप ज्या विषावर झालं, ते बहुधा मराठवाड्यातलं नसतं. बाटली भुकटीच्या रूपात आली तर फ्रिजशिवाय टिकते, आणि वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्राला तोच आधार असतो. पण बाटली आहे आणि ती देण्याचं धाडस नाही, असंही घडतं. प्रतिविषाची तीव्र अॅलर्जी येऊ शकते, अॅड्रेनालिन हाताशी ठेवावं लागतं, आणि एकट्या तरुण डॉक्टरला रुग्ण पुढे पाठवून देणं सुरक्षित वाटतं. त्या पाठवणीत जे तास जातात, त्यात घोणशीच्या रुग्णाची मूत्रपिंडं जातात.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज घरोघरच्या मृत्यूंच्या पाहणीवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासातून २०२० साली पुढे आला. रुग्णालयांच्या नोंदी यापेक्षा कितीतरी कमी दाखवत होत्या, कारण मरणारे रुग्णालयात पोचतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं. केंद्राने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगितलं की सर्पदंश हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवा.

प्राझोसिनसारखी एखादी गोळी सापावरही सापडेल का, हा शोधही चालू आहे. व्हारेस्प्लाडिब हे आधी हृदयविकारावर तपासलेलं आणि तिथे अपयशी ठरलेलं औषध सापाच्या विषातलं एक महत्त्वाचं विकर रोखतं. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर प्रतिविषाच्या जोडीने त्याची चाचणी झाली. २०२४ साली आलेला निकाल एकूणात अनिर्णित होता, पण दंशानंतर पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांमध्ये सुधारणेची चिन्हं दिसली. ती चिन्हं खरी आहेत का, हे पुढच्या चाचण्या ठरवतील.

जालन्यात २०२४ साली नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. या भागात सर्पदंश आणि विंचूदंशाचं नेमकं चित्र काय, हे शोधायला आता जिल्ह्यातच हात आहेत. जाफराबादहून, मंठ्याहून, घनसावंगीहून येणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे चार गोष्टी लिहिल्या तरी सुरुवात होते: दंश किती वाजता, साप कोणता, पहिलं इंजेक्शन कुठे आणि किती वाजता, एकूण बाटल्या किती. त्यासाठी यंत्र लागत नाही. बावस्करांनी बिरवाडीत नेमकं हेच केलं होतं, आणि अशा नोंदी तीन-चार पावसाळे साठल्या तर मराठवाड्यातल्या सापांचं विष वेगळं काढून तपासा, हे सरकारपुढे आकड्यांनिशी मांडता येईल.